मागील पानावरून पुढे

माझ्याकडे लाल पाठीची एक लांबट वही आहे. बँकेतल्या माणसाला शोभेल अशीच आखलेली: डावीकडे तारीख, मग प्रकार, वजन, किती वेळा, आणि शेवटी ‘शेरा’. 2015 साली, वयाच्या 33व्या वर्षी, पुण्यातल्या एका जिममध्ये पहिल्यांदा लोखंडी रॉडला हात लावला, तेव्हापासूनचा सगळा हिशोब तिच्यात आहे. पहिली नोंद रॉड खांद्यावर घेऊन काढलेल्या बैठकांची, ती अशी: ‘स्क्वॉट, 20 किलो, 5 वेळा. शेरा: नुसता रॉड. जिना कठडा धरून उतरले.’

हा व्यायाम मला आवडला तो त्यातल्या रिकरिंग डिपॉझिटसारख्या शिस्तीमुळे. दर खेपेला रॉडच्या दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलोची प्लेट चढवायची. झाले अडीच किलो जास्त. पुढच्या खेपेला आणखी अडीच. कागदावर हिशोब मांडला तर वर्षभरात मी गाभण म्हैस उचलायला हवी होते. पण कागदावर आमची सगळी कर्जंही वेळेवर फिटतात.

तरी वर्षभरात डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहणं, 70 किलोपर्यंत गेली. ती नोंद 8 नोव्हेंबर 2016 ची, मंगळवार संध्याकाळ. शेरा: ‘गुरुवारी 72.5 नक्की.’ घरी येऊन आंघोळ केली, टीव्ही लावला, आठ वाजले होते. गुरुवारी, म्हणजे 10 तारखेला, बँकेच्या शटरबाहेर रांग कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पुढे गेली होती. तिथून 30 डिसेंबरपर्यंत वही कोरी. व्यायाम झाला नाही असं नाही. एका नोटेचं वजन साधारण ग्रॅमभर, म्हणजे हजार नोटांचं बंडल किलोभराचं, आणि तशी बंडलं पेट्यांमध्ये भरून आम्ही दिवसभर इकडून तिकडे नेत होतो. पण ते वहीत धरता येत नाही. फॉर्म साफ चुकीचा होता: कंबरेतून वाकून, श्वास सोडून, रागानं. जानेवारीत परत गेले तेव्हा 40 किलोलाच रॉडनं मला खाली बसवलं.

2018 मध्ये पंढरपूरला बदली झाली. नवरा आणि मुलगा पुण्यात राहिले, सासूबाई मात्र हट्टानं माझ्याबरोबर आल्या. “तुझी बदली बँकेनं नाही, पांडुरंगानं केलीय,” असं त्यांचं म्हणणं. पांडुरंगानं जिमकडे लक्ष दिलं नव्हतं. लेडीज बॅच 11 ते 1, म्हणजे नेमकी मी काउंटरवर असताना. मालक जुने पैलवान, कान मोडलेले, मनानं मोकळे. म्हणाले, “मॅडम, पहाटे साडेपाचला या, पोरं भरतीची आहेत, कुणी काही म्हणणार नाही.” पोरं खरंच काही म्हणाली नाहीत. फक्त मी खांद्यावर रॉड घेऊन खाली बसले, की कुणीतरी हळूच विचारायचं, “मॅडम, ते मुद्रा कर्जाचं कुठपर्यंत आलं?” स्क्वॉटच्या तळाशी बसलेल्या माणसाला खोटं बोलता येत नाही. मी तिथूनच सांगायची, “कोटेशन जोडलं नाहीस.”

दुसरी अडचण, तिथे पाच किलोखालची प्लेटच नव्हती. “सव्वा-सव्वाचं काय घेऊन बसलात,” मालक म्हणाले, “पाच-पाच चढवा!” मग पुण्याहून सव्वा किलोची जोडी विकत आणली आणि ती कायम पर्समध्ये. एसटीत कंडक्टरनं पर्स बाजूला सारायला उचलली आणि माझ्याकडे जरा आदरानं बघितलं. एका रविवारी प्लेटा सापडेनात. सासूबाईंनी पनीर दाबायला घेतल्या होत्या. मी बोलले, तर म्हणाल्या, “तुलाच ते प्रोटीन का काय पाहिजे ना?”

2019 ची आषाढी 12 जुलैला होती. आठवडाभर आधीच जिम बंद. “काल्यापर्यंत सुट्टी मॅडम, दिंडी उतरलीय.” तीन आठवड्यांपर्यंत ताकद फारशी कमी होत नाही हे मला वाचून माहीत होतं, पण माहीत असणं आणि पहाटे पाचला अंथरुणात पडून राहणं वेगळं. तिसऱ्या दिवशी गेलेच. रॉडवर धोतरं आणि लुगडी वाळत घातलेली. डंबेलच्या रॅकवर टाळ ओळीनं मांडलेले, लहान ते मोठे, आमच्या पोरांनी कधी डंबेलही असे लावले नव्हते. आणि बेंचवर एक आजी उताणी, अगदी जिथे मी पडते तिथे.

“काय पायजे, माऊली?”

“काही नाही आजी, हे जरा उचलायचं होतं.”

“कुटं न्यायचंय?”

“कुठं नाही. उचलायचं आणि परत तिथंच ठेवायचं.”

आजींनी विचार केला. “बरंय की. आमीबी दरसाल येतो, कळसाला हात जोडतो, माघारी जातो.” मग पाय माझ्याकडे लांब करून म्हणाल्या, “हात रिकामेच हायत तर ह्ये दाब जरा.”

त्या दिवशीची नोंद: ‘पाय. 2 नग, 20 मिनिटं. शेरा: पोटऱ्या माझ्यापेक्षा घट्ट.’

मार्च 2020 मध्ये जिमला कुलूप लागलं. बँक मात्र अत्यावश्यक सेवा, त्यामुळे घरात बसून व्यायाम करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ मी काउंटरवर मास्क लावून बघायची. घरी जादाचा सिलिंडर होता. आत 14.2 किलो गॅस, वर लोखंडाचं वजन, मिळून 30 च्या आसपास. तो उचलायला लागले तशा सासूबाई देवघरात जाऊन बसायच्या, स्फोट झाला तर निदान समोर देव हवा म्हणून. मे महिन्यात एक दिवस कामावरून आले तर तो शेगडीला जोडलेला आणि ओट्याखाली त्याच्या जागी रिकामा उभा. सकाळी 30 किलोची असलेली मी संध्याकाळी 15 वर. शेरा: ‘आमटी.’

जिम उघडायची परवानगी मिळाली ती 25 ऑक्टोबरला, नेमक्या दसऱ्याला. मालकांनी पहाटेच सगळं लोखंड धुऊन पुजलं होतं. रॉडला झेंडूची माळ, प्लेटांना हळदकुंकू, बेंचवर आपट्याची पानं. माळ काढायची कशी? पूजेतली ती. मग माळेसकट स्क्वॉट केले आणि मानेत झेंडू चुरगळत गेला. घरी आले तर सासूबाईंनी आधी माळ बघितली, मग तोंड फिरवलं. विठ्ठलाचं दार मार्चपासून बंद होतं. “तुझं देऊळ उघडलं,” एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. त्यांचं उघडलं पाडव्याला, 16 नोव्हेंबरला. त्या दिवशी सकाळी मी जिमला दांडी मारून त्यांच्याबरोबर गेले. वहीत ती रजा मी भरपगारी मांडली आहे.

पुढची पानं भराभर उलटण्यासारखी. 2021 ला परत पुणे. मुलाची दहावी, त्या वर्षात एकूण नोंदी 31. चाळिशी उलटल्यावर गुडघ्यानं घातलेल्या अटी. प्रत्येक खेपेला मी रिकाम्या रॉडपासून सुरू केलं आणि प्रत्येक खेपेला जिममधल्या नव्या मुलानं विचारलं, “पहिल्यांदाच का, मॅडम?” पाचव्यांदा पहिल्यांदा, असं त्याला सांगणार कसं? एक बरं आहे: गेलेली ताकद परत येताना आधीच्यापेक्षा लवकर येते. बुडीत खात्यातून असा परतावा मी बँकेत कधी पाहिला नाही.

गेल्या वर्षी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. मी धावले, सवयीनं पाय खांद्याएवढे फाकवले, पाठ ताठ केली, पोटात श्वास धरला आणि जोर लावला. “अगं हळू!” त्या ओरडल्या, “मी काय रॉड आहे?” मनगटावर निभावलं. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्टनं सांगितलं, पायांत जोर हवा, रोज खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा. “हे तर सूनबाईचंच खूळ,” म्हणून त्यांनी चार दिवस नाकारलं. पाचव्या दिवशी मला डायनिंग टेबलावर माझी वही उघडी दिसली. माझ्या शेवटच्या नोंदीखाली जरा थरथरत्या पण बाकदार अक्षरात: ‘खुर्ची. 10 वेळा. शेरा: दम लागला. पनीर खाल्ले.’

मी स्वतः समोर बसून मोजलं होतं. 9 झाले होते. दहाव्याला त्यांनी हात टेकला होता. मी शेजारी पेन्सिलीनं ‘9’ लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी तो आकडा खोडलेला होता आणि त्यावर त्यांचीही सही होती. एका बैठकीचा तो फरक अजून पुढच्या पानावर ओढतोय.