हळदीला येता का?

“भाऊ, हळदीला येता का? भाडं काय घेता?”

हौद्यात टोमॅटोचे क्रेट, ताडपत्रीवर चिखल, फाळक्याला सुतळी गुंडाळलेली, आणि तरी परवा पंपावर डिझेल भरताना एका पोरानं मला हे विचारलं. कारण एवढंच, की हौद्यात दिवे लागले होते. पिकअपच्या हौद्यात उजेड म्हणजे वरात, नाहीतर डीजे, असा आमच्याकडे पक्का समज आहे. रात्री माल भरणाऱ्याला आपला पाय कुठं पडतोय ते दिसावं म्हणून कोणी पदरचे पैसे घालेल, हे कुणाला पटतच नाही. मी नाही म्हणालो, तर त्यानं वरून विचारलं, “मग लाइटी कशाला मारल्या?”

कशाला मारल्या ते सांगतो. जुन्नरकडचा माल वाशीला जायचा तर रानातून गाडी दिवस मावळल्यावर भरायची. म्हणजे भरणं अंधारात आणि उतरवणंही अंधारात. वीस किलोचा क्रेट दोन हातांत आणि मोबाइलची बॅटरी दातांत. क्रेट पायावर पडला तर शिवीसुद्धा नीट देता येत नाही.

म्हणून बॅटरीवाल्याच्या दुकानात गेलो. तिथं काका होते.

काका त्या दुकानाचे मालक नाहीत, कारागीर नाहीत आणि गिऱ्हाईक तर नाहीतच. दारात एका मेलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पोतं टाकून बसतात, दुकानाच्या खात्यावर चहा पितात आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीचं निदान गाडी बंद व्हायच्या आत सांगून मोकळे होतात. मिस्त्री त्यांना काही बोलत नाही. बहुधा ते बॅटरीवर बसलेत तोवर ती चोरीला जाणार नाही, असा हिशेब असावा.

“किती वॅट टाकतोयस?” काका.

“चोवीस. सहा-सहाच्या चार पट्ट्या.”

काकांनी कप खाली ठेवला. “चोवीस? अरे, आमच्या गणपतीला यापेक्षा जास्त असतात!”

आता चोवीस वॅटच्या बऱ्या एलईडीचा उजेड घरातल्या जुन्या चाळीस वॅटच्या ट्यूबइतका पडतो. आठ-नऊ फुटी हौद्याला तेवढा पुरून उरतो. बारा व्होल्टवर दोन अँपिअर. रात्रभरात पाच तास चालू ठेवला तरी बॅटरीतून दहा अँपिअर-तास (बॅटरीतला साठा मोजायचं माप) जातात, पहाटे सेल्फ बिनबोभाट लागतो. हे मी काकांना सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, असं म्हणता येणार नाही.

“ते राहू दे. एलईडी पट्टीचं पाच मीटरचं रीळ आण, दोन-तीनशेला मिळतं. सगळ्या हौद्याला फिरव. माझ्या भाच्यानं फिरवलंय. लांबून ओळखू येतं.”

लांबून ओळखू यायला मी काय दीपगृह चालवतो? पण रिळाचं गणित सांगायलाच हवं, कारण निम्मा तालुका त्यात फसलाय. ५०५० जातीच्या (हे दिव्याचं माप, पाच बाय पाच मिलिमीटर), मीटरला साठ दिव्यांच्या पट्टीला मीटरमागे १४.४ वॅट लागतात. पाच मीटरला ७२ वॅट, म्हणजे सहा अँपिअर. पाच तासांत तीस अँपिअर-तास गेले, की पहाटे गाडीला धक्का मारायला तेच हमाल बोलवावे लागतात, आणि धक्क्याची हमाली वेगळी. दुसरं असं, की या पट्टीत तीन-तीन दिवे एका ओळीत आणि त्यांच्यामागे एक रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा छोटा तुकडा असतो. बारा व्होल्टांपैकी साडेनऊच्या आसपास दिवे खातात, उरलेले अडीच रेझिस्टर. इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चौदा-सव्वाचौदा देतो. वरचे दोन-सव्वादोन व्होल्ट जवळजवळ सगळे त्या बिचाऱ्या रेझिस्टरच्याच अंगावर येतात आणि करंट दीडपटीच्या वर जातो. पट्टी तापते, पिवळी पडते, मग तीन-तीनच्या गटानं दिवे मरतात. दुकानदार म्हणतो पाणी गेलं. पाणी नाही गेलं, व्होल्टेज गेलं. रीळच लावायचं असेल तर आधी बारा व्होल्टचा रेग्युलेटर लावा. नाहीतर सरळ ‘९ ते ३० व्होल्ट’ लिहिलेल्या पट्ट्या घ्या, त्यांच्यात करंट धरून ठेवणारं सर्किट आतच असतं.

“भाच्याचं रीळ दोन वर्षं झाली, टकाटक आहे,” काका म्हणाले.

मी वाकून दारात उभ्या भाच्याच्या गाडीची वायर बघितली. स्पीकरची वायर, अर्धा चौरस मिलिमीटर. बॅटरीपासून हौद्याच्या टोकापर्यंत जाऊन-येऊन बारा मीटर धरले, तर सहा अँपिअरला पावणेतीन व्होल्ट वायरमध्येच संपतात. रीळ जगलं होतं ते वायर भिकार होती म्हणून! इंजिन बंद केलं की मात्र रीळ मिणमिणतं. हे ऐकल्यावर काका खूश झाले. “बघ! स्वस्तातली वायर चांगली.”

इथून पुढं काकांना सूर सापडला. मिस्त्रीच्या पोरानं बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर पाच अँपिअरचा फ्यूज बसवायला घेतला, तर काकांना ते दुखलं.

“फ्यूज कशाला? नसती कटकट. माझ्या टेम्पोला फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी होती. अठ्ठ्याण्णव सालापासून.”

“कुठंय आता टेम्पो?”

“जळाला.” काकांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. “पण तो चांदीमुळं नाही. त्याला नजर लागली होती.”

पोरगा हसला, तर त्यालाच बोलणी बसली. मग काकांचा पुढचा हुकूम: “एवढी वायर पुढपर्यंत नेतोस कशाला? मागच्या पार्किंगच्या लाइटीतून मार जोड. पाच मिनिटांचं काम.” पाच मिनिटांचंच आहे. त्या वायरीचा फ्यूज पाच-पाच वॅटच्या बल्बांच्या हिशेबानं असतो. वरून रिळाचे सहा अँपिअर ओढले, की तो बिचारा इमानदारीत उडतो आणि मागचा तांबडा दिवा जातो. माळशेज घाटात पावसाळी धुक्यात मागं तांबडा दिवा नसलेली पिकअप म्हणजे काय, ते मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला विचारा. विचारायला तो आणि सांगायला तुम्ही शिल्लक असलात तर.

“आणि रंग जांभळा घे,” काकांनी मला जाता जाता सांगितलं. “जांभळ्यात गाडी उठून दिसते.”

गाडी दिसते, काका, टोमॅटो दिसत नाही! निळ्या-जांभळ्या उजेडात हिरवा आणि लाल दोन्ही काळपटच दिसतात. कच्चा कुठला, पिकलेला कुठला, हे बघायलाच तर दिवा लावायचा. साध्या ६५०० केल्विनच्या (हा उजेडाच्या छटेचा आकडा, जितका मोठा तितका उजेड निळसर) पांढऱ्याफेक दिव्यातही लाल रंग मेलेला दिसतो आणि व्यापारी “माल फिका आहे” म्हणून क्रेटमागे भाव पाडायला मोकळा. खोक्यावर ४००० केल्विन आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ९० लिहिलेलं शोधायचं. मिळायला कष्ट पडतात. दुकानात जाऊन सीआरआय विचारलात तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो आणि मग शेजारच्या गिऱ्हाइकाकडे.

पट्ट्या कुठं लावायच्या, यावरही काकांचं मत होतं. केबिनच्या पाठीला, मागं तोंड करून, भगभगीत. तसं केलं की भरणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जातो आणि क्रेटची पहिली रांग लागली की पुढच्या सगळ्यावर तिची सावली. बाजूच्या फळ्यांना लावल्या तर दोन थर चढताच झाकल्या जातात. म्हणून ताडपत्रीच्या कमानींना, वरून खाली तोंड करून. दोन कमानी, प्रत्येकीला दोन पट्ट्या.

पट्टीमागच्या चिकटटेपवर विश्वास ठेवू नका. धूळ, डिझेलचा ओशटपणा आणि आमचे रस्ते, यांपुढे ती महिनाभर टिकत नाही. अॅल्युमिनियमचं चॅनेल पॉप रिवेटनं बसवायचं, वरून दुधी झाकण. वायर दीड चौरस मिलिमीटरची, दोन्ही तारा बॅटरीपर्यंत. मायनसची (अर्थची) तार हौद्याच्या पत्र्यालाच मारून मोकळं होऊ नका, हौद्याच्या बोल्टांना गंज चढला की दिवे लपलपायला लागतात. पत्र्याला भोक पाडलं तिथं कडेनं वायर कापू नये म्हणून रबरी ग्रॉमेट (कडं) घाला, बाकी वायर फ्लेक्स पाइपातून घ्या, कारण उंदीर. जोडाला लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबायचा, वरून हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवायची. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन भरू नका. ते सुकताना आम्ल सोडतं आणि तांबं हिरवं पडतं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेली नळी मागा. दोन अँपिअरला रिलेची (जास्त करंट सांभाळणाऱ्या वेगळ्या स्विचची) गरज नाही, दहा अँपिअरचा स्विच पुरतो. मात्र तो केबिनमध्ये हवा आणि त्याच्यात तांबडा ठिपका पेटणारा हवा, म्हणजे दिवे चालू राहिलेत हे गाडी हलवताना कळतं. फाळक्याला दारासारखा बटणस्विच लावायची फॅशन आहे. धुळीनं तो अडकतो आणि मग दिवे रात्रभर ताडपत्रीखाली एकटेच जागतात.

गाडी हलवताना बंद करायचे ते फक्त बॅटरीसाठी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यातला नियम १०८ सांगतो की गाडीच्या मागं तांबड्याशिवाय दुसरा उजेड दिसता कामा नये. नंबरप्लेटचा दिवा, रिव्हर्सचा दिवा, आतला उजेड अशा थोड्या सवलती आहेत. नियम चांगला आहे. फक्त तो माझ्या चोवीस वॅटला आठवतो, आणि समोरून टपावर पांढरेशुभ्र बार पेटवून डोळे जाळत येणाऱ्या गाड्यांना आठवत नाही. त्यांना हात करायला जायचं तर आधी ती गाडी दिसायला पाहिजे ना!

आणि मुळात ही उठाठेव मी का करावी? मार्केटात शिरताना पावती फाडतात. आत खांब आहेत. खांबांवर दिवे आहेत. ते लागत नाहीत. विचारलं तर “वर कळवलंय.” किती वर, ते विचारायची सोय नाही. त्यामुळे तिथं माझी गाडी उभी राहिली, की आजूबाजूच्या गाड्या सरकत सरकत जवळ येतात आणि माझ्या उजेडात आपला माल उतरवून घेतात. कोणी चहा विचारत नाही. मागच्या खेपेला शेजारच्या कोबीवाल्यानं तर हाक मारली, “ओ मालक, दिवा जरा इकडं वळवा की!”

मी म्हटलं, रिवेट मारलेत, वळत नाहीत.

“मग गाडी वळवा.”