‘भाबडा’ म्हणालात, म्हणून

अठराव्या शतकातल्या लंडनच्या छापील तसबिरी आणि टवाळखोर चित्रांवर मी लेख लिहिला होता. ती चित्रं हमालासारखी गरीब माणसंही बघत, असं त्यात म्हटलं होतं. त्या लेखाखाली ‘एक वाचक’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ती आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी काही लपवलं असं कुणी म्हणायला नको:

“लेख वाचनीय, पण भाबडा. दोन शिलिंगांचं रंगीत चित्र लंडनचा हमाल विकत घेणार होता का? गिलरेला सरकारकडून वर्षाला दोनशे पौंड मिळत, ते का गाळलंत? शीर्षकात ‘तसबिरी’ म्हणता आणि मेझोटिंटला एक ओळ! हॉगार्थचा कायदा १७३४ चा नव्हे, १७३५ चा. असं लिहिण्याआधी मूळ छाप एकदा तरी डोळ्यांनी बघून यावा.”

(नवख्यांसाठी: गिलरे आणि हॉगार्थ हे त्या काळचे टवाळखोर चित्रकार, आणि मेझोटिंट ही तांब्याच्या पत्र्यावरून तसबिरी छापायची एक पद्धत.)

आधी चूक कबूल करतो. छापील चित्रांची परवानगीशिवाय नक्कल करायला बंदी घालणारा हा कायदा लागू झाला तो २५ जून १७३५ ला. चोरट्या नकला टळाव्यात म्हणून हॉगार्थने ‘रेक्स प्रोग्रेस’ची (एका उधळ्या तरुणाच्या अधोगतीची) आठ चित्रं त्या तारखेपर्यंत हातची सोडली नव्हती, हे मी लेखात लिहिलं आहे आणि साल मात्र चुकवलं आहे. दुरुस्त केलं. आभार. तरी जाता जाता सांगतो, त्या कायद्याच्या अधिकृत नावात आजही १७३४ च आहे, कारण तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. पण असो, चूक ती चूक.

आता ‘भाबडा’.

साहेब (की बाई? नाव दिलेलं नाही, त्यामुळे चुकलो तर माफ करा), मतभेद असू शकतो. पण लेख वाचनीय म्हणायचं आणि पुढच्याच शब्दात लेखकाला खुळ्यात काढायचं, ही कुठली रीत? ‘पटलं नाही’ म्हणाला असतात तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. तुमचा सगळा आक्षेप हमालाच्या खिशावर उभा आहे. दोन शिलिंग म्हणजे त्याची जवळपास दिवसभराची मजुरी, हे मलाही ठाऊक आहे. पण तो चित्र विकत घेत होता असं मी लिहिलंय कुठे? ‘बघत होता’ असं लिहिलंय. लेख पुन्हा उघडा, तिसरा परिच्छेद.

विकत घेणं आणि बघणं यांतला फरक मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. माझे वडील पुण्यात ब्लॉकमेकर होते. जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडने चित्र खायला लावायचं आणि लाकडावर ठोकून छापखान्यात धाडायचं, हा आमच्या घरचा धंदा. हाताला ॲसिडचा वास असलेला माणूस मी रोज जेवायला बसलेला पाहिला आहे. व्यंगचित्रांचं साप्ताहिक आमच्या अख्ख्या आळीत एकटा न्हावी घ्यायचा. अंक एक, आणि नंबर लागेपर्यंत तो चाळणारी माणसं वीस. त्यातल्या एकोणिसांनी आयुष्यात एक अंक विकत घेतला नसेल, पण कुठल्या मंत्र्याचं नाक कसं काढलंय ते त्यांना तोंडपाठ असायचं. याला तुम्ही भाबडेपणा म्हणा, मी माहिती म्हणतो.

लंडनमध्ये न्हाव्याच्या जागी दुकानाची काच होती. स्ट्रँडवर डार्ली नवराबायको, पिकॅडिलीत फोर्स, सेंट जेम्स स्ट्रीटवर २७ नंबरला हॅना हम्फ्री. तावदानाच्या एकेका चौकटीत एकेक चित्र लावलेलं, आणि बाहेर फुकट्यांची गर्दी. हम्फ्रीबाईंच्या दुकानासमोरचं दृश्य खुद्द गिलरेनेच कोरून ठेवलं आहे: निसरड्या फरसबंदीवर एक म्हातारा आपटलाय, हातातला थर्मामीटर तेवढा सांभाळलाय, आणि मागे खिडकीला चिकटलेल्यांपैकी एकही मान वळवत नाही. (चित्र १८०८ चं आहे, म्हणजे एकोणिसावं शतक. तुम्ही सांगायच्या आत मीच सांगतो.) सेंट जेम्स ही बड्यांची वस्ती, हेही मान्य. पण रस्त्याला तिकीट नव्हतं. फोर्स तर चित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळपुरते भाड्याने द्यायचा आणि तशी जाहिरात चित्रांच्या खालीच छापायचा. शिवाय साधी, बिनरंगी चित्रं सहा पेन्सांनाही (म्हणजे अर्ध्या शिलिंगालाही) मिळत. आणि गरिबाच्या हातात पडावीत म्हणून हॉगार्थने १७५१ च्या सुमारास क्रौर्यावरच्या चार चित्रांसाठी स्वस्त लाकडी ठसे करायला घेतले होते. दोनच झाले, खर्च परवडेना, हे खरं. पण कोणासाठी करायला घेतले होते?

मूळ छाप बघून यायचा सल्ला दिलात, तर तो बघूनच आलो आहे. पाच वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो होतो, तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या चित्रछापांच्या अभ्यासिकेत वेळ ठरवून गेलो. पैसे पडत नाहीत, तुम्हीही जाऊ शकता. व्यंगचित्रकार जेम्स सेयर्सचं ‘कार्लो खान’ मागवलं. ५ डिसेंबर १७८३ चं हे चित्र. मुसलमानी पोशाखातला मंत्री फॉक्स हत्तीवर बसून कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीकडे निघालाय, हत्तीला तोंड त्याचा जोडीदार मंत्री लॉर्ड नॉर्थचं, आणि पुढे तुतारी फुंकत त्यांचा साथीदार बर्क. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आपल्या हातात घेणारं फॉक्सचं विधेयक त्यात झोडपलं होतं. (कंपनीला कर्जात घालणाऱ्या लढायांपैकी एक आपलीच, सालबाईचा तह १७८२ चा.) कागद तिरका धरला तर तांब्याच्या पत्र्याच्या कडेने उठलेली खोलगट चौकट दिसते. ती बघितली आणि वडिलांचा हात आठवला. बारा दिवसांनी लॉर्डांच्या सभेने ते विधेयक फेटाळलं. पार्लमेंटातल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी माझं जास्त नुकसान केलं, असं खुद्द फॉक्स म्हणाल्याची नोंद आहे. ही ताकद फक्त दोन शिलिंगवाल्या गिऱ्हाइकांची असेल, तर मग मी खरंच भाबडा.

मेझोटिंटचं म्हणाल, तर लेख लांबत होता. तांब्याचा अख्खा पत्रा दातेरी हत्याराने खरबरीत करायचा आणि जिथे उजेड हवा तिथे घोटून गुळगुळीत करायचा, हे काम दोन ओळींत सांगण्यासारखं नाही. पत्रा लवकर झिजतो, म्हणून चांगल्या प्रती थोड्याच निघतात. आपण रंगवलेल्या तसबिरींचे जेम्स मॅकार्डेलने केलेले छाप पाहून चित्रकार रेनॉल्ड्स म्हणाला म्हणे, या माणसामुळे मी अमर होणार. एवढं लिहिलं असतं, तर ‘विषय सोडून भरकटलात’ हा शेरा तुमच्याकडूनच आला असता.

गिलरेच्या दोनशे पौंडांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. मिळत होते, १७९७ पासून, टोरी सरकारकडून. लेखात मी गिलरेला ‘निर्भय’ म्हटलं ते त्याआधीच्या चित्रांना धरून, हे लक्षपूर्वक वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं असतं. सवड झाली की लिहीन.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त एक: ज्या कायद्याचं साल तुम्ही दुरुस्त केलंत, त्याच कायद्याने प्रत्येक चित्राखाली मालकाचं नाव आणि तारीख कोरणं भाग पाडलं होतं. तारीख तुमच्या प्रतिक्रियेवर आपोआप पडली आहे. पुढच्या वेळी नावही घाला.