बहात्तरची रेषा कुठे आहे?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर दर पावसाळ्यात तेच भांडण नव्याने पेटतं. पाऊस लांबला किंवा अवकाळीने मोहोर झडला की गुहागरचा मामेभाऊ लिहितो, "हवामान बदललं, आता सगळं संपलं." बीडच्या काकांचं उत्तर ठरलेलं असतं: "अरे, हे पूर्वीही व्हायचंच. बहात्तरचा दुष्काळ आम्ही काढलाय. त्याच्या कितीतरी आधी दुर्गादेवीचा पडला होता." मग दोन दिवस कोणी कोणाचं ऐकत नाही. इथे बसून मराठी वर्तमानपत्रं वाचते, तर तिथेही बहुतेक वेळा हेच दिसतं. एकाकडे आठवण, दुसऱ्याकडे भीती.

मी जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये राहते आणि समुद्रतळाचा गाळ तपासणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे काकांचं वाक्य मला खोटं वाटत नाही. ते अर्धवट सोडलेलं वाटतं. पूर्वीही व्हायचं, बरोबर. पण किती वेळा? किती वेगाने? आणि कशामुळे?

याची उत्तरं गाळात असतात. गाळ 63 मायक्रॉनच्या चाळणीवर धुतला की बारीक रव्यासारखे कण उरतात. त्यांत फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं असतात. ओल्या, अगदी बारीक कुंचल्याने मी ती सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून उचलते. मग ती फॉस्फरिक आम्लात विरघळवायची आणि निघालेल्या वायूतला जड आणि हलका ऑक्सिजन मोजायचा. पाणी थंड असताना बनलेल्या कवचात जड ऑक्सिजन थोडा जास्त असतो. पण जमिनीवर बर्फ साठला तरी समुद्रात जड ऑक्सिजन वाढतो, म्हणजे एकाच आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करायला कवचातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं प्रमाण उपयोगी पडतं, कारण ते मुख्यतः तापमानावर चालतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट मिसळते. सह्याद्रीवरून उतरलेलं पावसाचं गोडं पाणी किनाऱ्यालगत पसरतं आणि हलक्या ऑक्सिजनचा वाटा वाढवतं. कोकणातल्या पावसाची खूण अशी कवचात उतरते. हे मला पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी घरी फोन केला होता.

अरबी समुद्राचा गाळ तर फारच बोलका. साधारण 200 ते 1000 मीटर खोलीवर तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो. त्यामुळे काही ठिकाणी तळ उकरणारे किडे जगत नाहीत आणि थर न विस्कटता राहतात. कराचीसमोरून 'सोन्ने' या जर्मन जहाजाने आणलेल्या गाळावर 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गेल्या 1,10,000 वर्षांतले चढउतार ग्रीनलंडच्या बर्फातल्या नोंदींशी जुळले. उत्तरेत उबदार काळ आला की इथला मोसमी पाऊस जोरात आणि तळाला ऑक्सिजन कमी. उत्तर गारठली की उलट.

हे मला काकांना आणि मामेभावाला, दोघांनाही सांगायचं आहे. समुद्र पूर्वीही बदलला, पण त्यातून निर्धास्त होण्यासारखं काही निघत नाही. आपला पाऊस दूरवरच्या धक्क्यानेही हलतो, हेच त्यातून दिसतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2000 सालीच दाखवलं होतं की आपल्या किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातही ऑक्सिजन हंगामी संपतो आणि ही स्थिती तीव्र होते आहे. त्यात माणसाचा वाटा किती, हे ठरवायला जुन्या थरांतला नायट्रोजन, मॉलिब्डेनम, युरेनियम वाचावा लागतो, कारण तेव्हा पाण्यात ऑक्सिजन किती होता याची खूण त्यांत उरते. आठवण तिथवर पोचत नाही.

ब्रेमेनमध्ये एक गोष्ट मनापासून आवडते. अटलांटिक आणि आर्क्टिकच्या तळातून खोदून काढलेला, एकूण दीडशे किलोमीटरहून जास्त लांबीचा गाळ इथे 4 अंशांच्या शीतगृहात, दीड-दीड मीटरचे तुकडे करून ठेवला आहे. प्रत्येक तुकडा उभा चिरलेला: एक अर्धा कामासाठी, दुसरा जपून ठेवायला. जगातल्या कुठल्याही संशोधकाने रीतसर मागितलं तर नमुना मिळतो. आपल्याकडे सातबारा जपतात तसं हे जपणं आहे. 2015 साली मुंबईच्या नैर्ऋत्येला, अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन किलोमीटर पाण्याखाली, आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या जहाजाने छिद्रं घेतली. त्या मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक गोव्यातल्याच दुसऱ्या एका संशोधन संस्थेचे होते. तो गाळ आज जपानमधल्या कोची शहरात आहे.

परदेशात आहे म्हणून परदेशाचंच कौतुक करते असं नाही. गोव्यात जहाजं आहेत, माणसं आहेत. 1983 पासून 'सागर कन्या' फिरते आहे, आणि ती जर्मनीतच बांधलेली. खोल समुद्र मोहिमेला 2021 साली 4077 कोटी मंजूर झाले. बातम्या मात्र पाणबुडीच्या आणि खनिजांच्या. गाळाची बातमी, मराठीत, शाळकरी मुलांना कळेल अशी, मला हवी आहे. पावसावरच्या चर्चेत हवामानखात्याच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या आकड्यांशेजारी दहा हजार वर्षांचा गाळ मांडलेला हवा आहे.

गेल्या महिन्यात मी गटावर कराचीसमोरच्या गाळाचा फोटो टाकला. एक फिकी, एक गडद अशा पट्ट्या. जोडी म्हणजे एक वर्ष, जाडी साधारण एक मिलिमीटर. बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग काकांचा निरोप आला: "आपल्या बाजूचा असा गाळ असेल तर बघ. त्यात बहात्तर कुठं दिसतं ते मला दाखव."