गोधडी धुवायला काढली

आमच्या आजेसासूबाईंनी शिवलेली गोधडी कोरडी असली की शेंडेफळसुद्धा काखोटीला मारून पळतं. ओली झाली की उचलायला माणसं गोळा करावी लागतात.

त्यातून आमचं इंदूर. इथे नर्मदा येते एक दिवसाआड. बिचारी 1978 पासून, सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांच्या जोरावर विंध्याचा घाट चढून येते, ती काय गोधड्या भिजवायला? असं सासूबाईंचं मत. बोअरिंगचं पाणी जड, त्यात साबणाला फेस येत नाही. म्हणजे नळाचा दिवस आणि कडक ऊन, असा दुग्धशर्करा योग यावा लागतो. मशीनचं नावच काढू नका. त्यावर लिहिलेले 6.5 किलो हे कोरड्या कपड्यांचं वजन. ओली गोधडी ड्रममध्ये एकीकडे बसली, की मशीन धडधडत मोरीच्या दारापर्यंत चालत येतं. तेव्हा टब, आणि पायांनी तुडवणं.

वर महेश्वरी लुगडं, आत दोन धोतरं, मध्ये कुणाचातरी परकर, आणि सगळ्यांना धरून तांबडा धावदोरा. पाण्यात पडलं की ज्याचा त्याचा स्वभाव बाहेर येतो. आजोबांचं धोतर बादलीभर पाणी पिऊन गप्प बसतं. आत्याबाईंचं कुसुंबी लुगडं इतक्या वर्षांनंतरही रंग सोडतं, तोही नेमका शेजारच्यावर.

"पिळू नका, टाके उसवतील!" सासूबाई खुर्चीतून.

न पिळता ती गच्चीवर न्यायची कशी, हे मात्र त्या सांगत नाहीत. चार टोकांना मी, हे, मुलगा आणि वरचे भाडेकरू. जिन्याच्या वळणावर भाडेकरू धापा टाकत म्हणाले, "भिया, इसमें कोई सो तो नहीं रहा?"

दोरीचा भरवसा नाही, म्हणून कठड्यावर टाकली. खाली शेजारणीचे साबुदाण्याचे पापड वाळत होते. त्यांना आत्याबाईंचा रंग लागला. तो विषय अजून चालू आहे.

वरून गोधडी दुपारीच खडखडीत, आत मात्र परवापर्यंत दमट. सासूबाई दर तासाला तिला गाल लावून पाहायच्या. शेवटी एकदाची वाळली. तिच्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "विरली गं अगदी. एक थर वाढवायला हवा." आणि बाजूच्या दोरीवरच्या माझ्या साडीचा पदर त्यांनी चिमटीत धरून पाहिला.

साडी गेल्या दिवाळीतली आहे.