डोक्यावर सूर्य, घरात अंधार

छतावर सोलर पॅनेल बसली आणि त्या दिवसापासून मी स्वतःला वीजनिर्मिती केंद्राचा मुख्य अभियंता समजू लागलो. येता-जाता नेट मीटरसमोर उभं राहायचं, आत किती युनिट आली, बाहेर किती गेली ते पाहायचं आणि बाहेरचा आकडा वाढला की उगाच छाती फुगवायची. आभाळ आलं की घरात माझी चिडचिड सुरू. वॉशिंग मशीन कधी लावायचं, हे मी ढग बघून ठरवू लागलो. कडक उन्हाळ्यात वीज धो धो मिळेल हा माझा हिशेबही पॅनेलनी चुकवला. त्यांना ऊन हवं असतं, पण उष्णता सोसत नाही. 25 अंशांच्या वर पॅनेल तापलं की दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी. म्हणजे तीही माझ्यासारखीच, उकाड्यात काम टाळणारी.

मग एकदा भर दुपारी लाईट गेली.

"शेजाऱ्यांची गेली असेल," मी खुर्चीतूनच म्हणालो. "आपल्याकडे सोलर आहे."

"अहो, डोक्यावरचा पंखा बघा," बायको म्हणाली.

पंखा थांबला होता. बाहेर रणरणतं ऊन, वर दहा पॅनेल आणि खाली आम्ही वर्तमानपत्राने वारा घेतोय. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टरही बंद. पॅनेल बसवणाऱ्याला फोन लावला.

"इन्व्हर्टर बरोबर काम करतोय, साहेब."

"अहो, तो बंद आहे!"

"बंद आहे म्हणजेच बरोबर काम करतोय."

मग त्याने समजावलं. लाईन बंद आहे असं समजून कोणी वायरमन खांबावर चढलेला असतो. अशा वेळी माझ्या छतावरची वीज त्या तारेत शिरली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रिड, म्हणजे बाहेरून येणारी लाईन, गेली की इन्व्हर्टरने स्वतःहून बंद व्हायचं, असा नियम. शिवाय या साध्या इन्व्हर्टरला स्वतःचा तालही नसतो. ग्रिडचा ताल ऐकायचा आणि त्यात सूर मिसळायचा, एवढंच त्याचं काम. मुख्य गायक उठून गेला की कोरसवाला गप्प. लाईट आल्यावरही हे महाशय लगेच उठत नाहीत. ग्रिड खरंच स्थिर आहे का, हे काही मिनिटं तपासत बसतात. वायरमनचं पटलं. पण पंख्याचं काय?

उपाय होता: बॅटरी, हायब्रिड इन्व्हर्टर आणि अत्यावश्यक वस्तूंसाठी वेगळं वायरिंग. लाईट गेली की हा इन्व्हर्टर आधी घराला ग्रिडपासून तोडतो आणि मग स्वतःच ताल धरतो.

'अत्यावश्यक' या शब्दावर घरात तीन रात्री बैठक चालली. बायकोसाठी फ्रिज. मुलीसाठी वायफाय, तेही अशा आवाजात की जणू ऑक्सिजनच. आईसाठी टीव्ही. मी गिझरचं नाव काढलं, तेव्हा इलेक्ट्रिशियनने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "मग बॅटरी गिझरचीच होईल, साहेब." यादी झाली, वायरिंग झालं, मुख्य अभियंत्याने सही केली.

परवा रात्री पुन्हा लाईट गेली. हॉलमध्ये दिवे, पंखा, टीव्ही, सगळं सुरू. मी माझ्या खोलीत घाम पुसत, अंधारात चष्मा चाचपत होतो. यादीत माझी खोली घालायचीच राहिली होती.

"बाबा," हॉलमधून हाक आली, "इकडे या ना, इकडे लाईट आहे!"