मूर्ख म्हणू नका, ‘इडियट’ म्हणा

कुणाची अक्कल काढायची असेल तर मराठीत काढू नका. भांडण होतं. इंग्रजीत काढा, वर चार लोकांत शिकलेले दिसाल. परवा आमच्या सोसायटीत एका गृहस्थांच्या पाहुण्याने भलत्याच जागी गाडी लावली. गृहस्थांनी सगळ्यांदेखत वॉचमनला सुनावलं, “यू इडियट! मोरॉन!” वॉचमन वयाने त्यांच्याहून मोठा.

पहिलं पथ्य : हे शब्द उलटून बोलू न शकणाऱ्यांसाठीच राखून ठेवावेत. बॉस, नगरसेवक, इन्स्पेक्टर यांच्यावर प्रयोग करू नये.

दुसरं, व्युत्पत्ती तोंडपाठ हवी. ‘इडियट म्हणजे प्राचीन ग्रीसमधला मत न देणारा माणूस’ हा फॉरवर्ड निवडणुकीच्या आदल्या रात्री तुम्हालाही येतोच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खाजगी माणूस, कारभारात पद नसलेला, एवढाच. पण हे ग्रुपवर सांगू नका. काढून टाकतील.

तिसरं, या शब्दांना शास्त्राचा आधार आहे, याचा अभिमान बाळगा. ‘मोरॉन’ तर १९१० साली मुद्दाम घडवला. हेन्री गोडार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, मंद अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. बाजार समितीत कांद्याची लावतात तशी माणसांची प्रतवारी : बुद्धीचं वय दोनपर्यंत तो इडियट, तीन ते सात इम्बेसाइल, आठ ते बारा मोरॉन. एकदा प्रत ठरली की पुढचं काय ते सरकार बघून घ्यायचं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करावी का, हा खटला तिथल्या सुप्रीम कोर्टात गेला. आई मंदबुद्धी, लेक कॅरी मंदबुद्धी, आणि काही महिन्यांच्या तान्ह्या नातीकडे नुसतं बघून तीही तसलीच ठरवली! १९२७ मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं, “इम्बेसाइलांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या.” आठ विरुद्ध एक मताने निकाल लागला. कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. ती ‘तसली’ नात पुढे शाळेत हुशार मुलांच्या यादीत आली. आता सांगा, अक्कल कुणाची काढायची? त्या आठ जणांची काढली कुणी? आणि अमेरिकेला हसू नका. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वधूवरांपैकी कुणी ‘इडियट’ नसावं असं छापलेलं होतं. तो शब्द गेला १९७६ साली.

चौथं : मुलांसमोर जरूर वापरा. पटकन उचलतात.

पण पुरे झाली ही थट्टा. “गाडी इथे नको” एवढं वाक्य बोलायला किती वेळ लागतो? तेवढंही जमत नाही तुम्हाला? वेटर, ड्रायव्हर, कामाच्या मावशी, गणित चुकलेलं पोटचं पोर, ज्याला त्याला इडियट! एखाद्या घरात खरंच मतिमंद मूल असतं, त्याच्या आईच्या कानावरही हे पडतं, याची शुद्ध आहे का? रागावर ताबा राहत नाही म्हणे. खोटं बोलता. बॉससमोर बरा राहतो! तोच ताबा लिफ्टमधून खाली येतानाही ठेवा.