लोणावळा नंतर, आधी यादी बघा

मुंबईकर मतदानाची सुट्टी बघून लोणावळा गाठतात, असा टोमणा एका लेखात वाचला, तो निम्माच खरा. २० मे २०२४ ला लोकसभेच्या वेळी आमच्या केंद्रावर भर उन्हात रांग हलतच नव्हती. छत्र्या घेऊन आलेले आजी-आजोबा कंटाळून परत गेले. त्यांना उदासीन कसं म्हणायचं?

खरी गोची यादीत असते. घर बदललं की गॅसचा पत्ता आपण लगेच बदलतो, मतदार यादीतला राहतो. त्यासाठी फॉर्म ८ भरायचा, तोही आत्ताच. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादी गोठते. नवऱ्याचं नाव एका शाळेत नि बायकोचं दुसरीकडेच, हेही आमच्या बिल्डिंगमध्ये झालंय! तेव्हा केंद्र आणि यादीतला अनुक्रमांक आदल्या दिवशीच बघून ठेवा, नाहीतर १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन लावा. नुसती व्होटर स्लिप ओळखपत्र म्हणून चालत नाही. मतदार कार्ड सापडत नसेल तर आधार किंवा पासपोर्ट न्या.

मी सकाळी सातलाच जाते, चहा नंतर. उशीर झालाच तरी मतदानाची वेळ संपण्याआधी रांगेत उभे राहा, मग कितीही वाजले तरी मत टाकू देतात.

हे कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाका, गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी.